आरोप काय, ते तरी सांगा

‘आपली वर्तणूक समाधानकारक नसल्याचे निदर्शनास आले आहे. 24 तासांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपणांस काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ कारखाना असो की पतसंस्था, मेमोची ही भाषा सगळीकडे सारखीच. त्यात तारीख नाही, जागा नाही, कोणी काय पाहिले तेही नाही. मग माणसाने खुलासा करायचा तरी कशाचा? तो घाबरतो, माफी लिहून देतो आणि तीच माफी पुढे कबुली म्हणून फाइलला लागते. 24 तासांची मुदत त्यासाठीच असावी, अशी मला दाट शंका आहे.

व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले : आधी सांगितले तर पुरावे गायब होतील, साक्षीदार फुटतील. प्राथमिक चौकशीपुरते हे मान्य. रोकड जुळत नसेल तर वह्या ताब्यात घेण्याआधी रोखपालाला कोण कळवेल? पण वह्या कपाटात कुलूपबंद झाल्या की ही सबबही संपली.

गोपनीयतेचे म्हणाल, तर लैंगिक छळाच्या तक्रारीइतकी नाजूक तक्रार क्वचितच असेल. तरीही 2013 च्या कायद्याखालचे नियम सांगतात, की तक्रारीची प्रत 7 कामकाजाच्या दिवसांत प्रतिवादीला द्या. त्याने 10 कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे. चौकशी 90 दिवसांत संपवून अहवाल दोन्ही बाजूंना मिळाला पाहिजे. त्याच कायद्याचे कलम 16 तक्रारदार, प्रतिवादी, साक्षीदार यांची ओळख जाहीर करायला मनाई करते. संबंधिताला कळवणे वेगळे, गावभर करणे वेगळे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. टपरीवर चहा पिणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असते, फक्त ज्याच्यावर आरोप आहे त्याला नसते. एवढ्या नाजूक प्रकरणात आठवड्याभरात प्रत देता येते, तर उशिरा येण्याच्या किंवा वरिष्ठांशी हुज्जत घातल्याच्या तक्रारी महिनोन्‌महिने साहेबांच्या खणात का पडून राहतात?

निलंबनाची तऱ्हा तीच. आरोपपत्र न देता तीन महिन्यांपलीकडे निलंबन लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी प्रकरणात 2015 साली बजावले. त्याआधी, 1993 मध्ये, करुणाकर प्रकरणात घटनापीठाने सांगितले होते, की चौकशी अधिकारी वेगळा असेल तर शिस्तभंग अधिकाऱ्याने निष्कर्ष काढण्यापूर्वी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यावी. आस्थापना सरकारी असो वा खासगी.

तक्रार करणाऱ्याचेही हाल कमी नाहीत. अर्जावर पोचेचा शिक्का मिळतो, पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही. महिन्याभराने त्याचीच बदली होते आणि अर्थ त्याने आपला आपण लावायचा.

मोघम मेमो हाती आला, तर त्याच दिवशी लेखी उत्तर द्या : ‘आरोपाचा तपशील, तारीख, ठिकाण आणि तक्रारीची प्रत मिळाल्यावर खुलासा सादर करीन. तोवर मुदत वाढवून मिळावी.’ दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. आणि तोपर्यंत, साहेबांनी कितीही गोड शब्दांत सुचवले तरी, माफीनामा लिहून देऊ नका.