सांगणाऱ्याची जोखीम

ज्या काळी आपल्या बाजारपेठांतून रोख रकमेऐवजी हुंड्या फिरत, त्या काळी ‘शाहजोग’ नावाचा हुंडीचा एक प्रकार प्रचलित होता. कोणीही यावे, ही हुंडी पेढीवर टाकावी आणि पैसे मोजून न्यावेत, असे होत नसे. बाजारात पत असलेल्या, चारचौघांना ठाऊक असलेल्या शाहाच्या हातूनच ती वटवावी लागे. पुढे ती बनावट निघाली, तर रक्कम परत करण्याची जबाबदारीही त्या शाहावरच येई. परक्याचा कागद खरा आहे असे जो सांगेल, त्याने त्या सांगण्याची जोखीमही पत्करावी, असा तो सरळ व्यवहार होता.

आज आपल्या घरांत हुंडी येत नाही. परंतु शिफारस मात्र दिवसातून दहा वेळा येते. ‘हे ॲप घ्या, फार उपयोगी आहे’ असे भाचा मावशीला कळवितो, मावशी ते भजनी मंडळाच्या गटावर टाकते, आणि सायंकाळपर्यंत ते देवासहून बडोद्यापर्यंत पोहोचलेले असते. मध्ये कोणी शाह नाही आणि कोणाची जोखीमही नाही. या नव्या चालीचा विचार या महिन्यात वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

विचार मांडताना आमच्या डोळ्यांसमोर निसरपूर आहे. धार जिल्ह्याच्या कुक्षी तहसिलीतले हे बाजाराचे गाव विंध्याच्या खाली, निमाडच्या कापूसपट्टीत वसलेले. सरदार सरोवराच्या फुगवट्याने ते ग्रासले. सप्टेंबर २०१९ मध्ये ते धरण प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले; जुन्या वस्तीत पाणी शिरले आणि माणसे पुनर्वसनाच्या भूखंडांवर गेली. घर नवे बांधता येते, पण शेजार नव्याने जुळायला वर्षे लागतात. डॉक्टर कोणता चांगला, बियाणे कोणाकडचे खात्रीचे, अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावा, हे सारे ज्या ओट्यावर बसून विचारले जाई, तो ओटाच जेथे राहिला नाही, तेथे माणूस साहजिकच हातातल्या फोनला विचारू लागतो. आणि निसरपूरची गोष्ट पाण्यामुळे जितकी उघड दिसते, तितकीच ती, पाण्यावाचून का होईना, आपल्या सर्वांचीच आहे. मुले पुण्याला किंवा परदेशी, आई-वडील इंदूर, धार, देवास येथे. मधला ओटा म्हणजे आता भ्रमणध्वनीचा पडदा.

ॲपचा प्रसार मुळातच सांगण्यावरून होतो. ॲपल कंपनीने १० जुलै २००८ रोजी आपले ॲपचे दुकान उघडले, तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप्स होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुगलचेही दुकान सुरू झाले. पुढे ही संख्या लाखांत गेली. एवढ्या ढिगातून हवे ते कसे शोधावे, हा प्रश्न उभा राहताच कंपन्यांना जुनीच युक्ती सुचली. माणूस जाहिरातीवर विश्वास ठेवील न ठेवील, पण मेहुण्याच्या शब्दावर ठेवतो. जून २०१२ मध्ये फेसबुकने ॲप्सचे एक दालन उघडले व त्यात आपले स्नेही कोणती ॲप्स वापरतात हे दाखविण्यास प्रारंभ केला. गुगलनेही आपल्या दुकानात ओळखीच्या माणसांचे अभिप्राय पुढे मांडले. त्यासाठीचे त्यांचे ‘गुगल प्लस’ हे मंडळ सर्वसामान्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. २००९ साली आलेल्या ‘फार्मव्हिल’ या शेतीच्या खेळाची आमंत्रणे ज्यांना रोज येत, त्यांना ती युक्ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. खेळणाऱ्याला पुढे जायचे असे, म्हणून तो आपल्या आप्तांना हाका मारी.

आपल्याकडे या प्रसाराला आणखी एक वळण मिळाले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होण्यापूर्वी इंटरनेट महाग होते. तेव्हा ‘शेअरइट’, ‘झेंडर’ यांसारख्या साधनांनी एका फोनमधील ॲप दुसऱ्या फोनमध्ये, इंटरनेटचा पैसाही खर्च न करता, टाकता येई. गाडीत, लग्नघरात, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर अशी देवाणघेवाण सर्रास चाले. शासनाने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. साधने गेली, पण सवय उरली. ॲप म्हणजे दुकानातून घेण्याची वस्तू नसून विरजणासारखी शेजाऱ्याकडून मागून आणण्याची वस्तू आहे, ही समजूत त्या काळात पक्की झाली. विरजण मागून आणण्यात काही गैर नाही. परंतु देणाऱ्याच्या घरचे दूध कसे आहे, हे घेणारीला ठाऊक असते.

येथे तीन गोष्टी नीट वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट बक्षिसाची. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपूर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘भीम’ या ॲपसाठी एक योजना जाहीर झाली. नव्या माणसास हे ॲप घ्यावयास लावणाऱ्याच्या खात्यात ठराविक रक्कम जमा होई. ॲप शासकीय, हेतूही चांगला. खासगी कंपन्यांनीही हीच वाट अधिक जोमाने चोखाळली. त्यात बेकायदा काही नाही. तथापि ज्या क्षणी शिफारशीला मोबदला जोडला जातो, त्या क्षणी तिची जात बदलते. दलालाने स्थळ सुचविणे आणि आत्याने स्थळ सुचविणे यांत जो फरक आपण करतो, तो येथेही केला पाहिजे. पुतण्याने ‘हे घ्या’ म्हटले, तर ‘तुला यात काय मिळते रे?’ असे हसत विचारावे. मिळत असेल तर त्यानेही मोकळेपणाने सांगावे. नाते त्याने तुटत नाही; न सांगितल्याने मात्र कधीकधी तुटते.

दुसरी गोष्ट आपल्या संपर्कयादीची. अनेक ॲप्स प्रथम उघडताच ‘तुमचे स्नेही शोधू का?’ असे विचारतात. आपण ‘हो’ म्हणतो, आणि वहिनींचा, व्याह्यांचा, मोलकरणीचा, घरच्या डॉक्टरांचा क्रमांक एका अज्ञात वहीत उतरवला जातो. तो क्रमांक आपल्या फोनात असला तरी आपल्या मालकीचा नव्हे. तो आपल्याकडे विश्वासाने ठेवलेला असतो. झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी या यादीचा काय उपयोग केला, हे २०२० नंतरच्या वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. हप्ता थकला की कर्जदाराच्या आप्तेष्टांना फोन जात, अब्रू चव्हाट्यावर आणली जाई, आणि काहींनी त्यापायी जीव दिले. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कर्जाच्या ॲप्सना संपर्कयादी वाचण्यास मनाई केली, आणि गुगलनेही आपल्या दुकानातील अशा ॲप्ससाठी ३१ मे २०२३ पासून तसाच नियम लागू केला. नियम चांगले, पण दुकानाबाहेरून आलेल्या ॲपला दुकानाचा नियम कसा लागणार?

आणि हीच तिसरी गोष्ट, सर्वांत गंभीर. ॲपचे नाव सांगणे आणि ॲपची फाइल पाठविणे ही दोन अगदी भिन्न कृत्ये आहेत. नाव ऐकून माणूस दुकानात जातो, तेथे ॲप कोणी बनविले हे वाचू शकतो, आणि थोडीबहुत तरी तपासणी झालेली वस्तू घरी आणतो. व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ नावाची फाइल मात्र मागच्या दाराने शिरते. २०२१ च्या लसीकरणाच्या धामधुमीत लशीची नोंदणी करून देतो असे सांगणारे एक बनावट ॲप लघुसंदेशातून पसरले. ज्याच्या फोनात ते शिरे, त्याच्याच नावाने ते त्याच्या यादीतील सर्वांना पुढचे संदेश धाडी. म्हणजे शिफारस करणारा झोपलेला, आणि त्याच्या नावाची शिफारस गावभर फिरत असलेली! नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेश पोलिसांनी सावध केले ते तर लग्नपत्रिकेबद्दल. पत्रिका म्हणून आलेली फाइल उघडावी, तर तिच्यातून ॲप बसते, बँकेचे सांकेतिक क्रमांक असलेले लघुसंदेश वाचते आणि खाते रिकामे करते. लग्नपत्रिकेस नकार देणे आपल्या संस्कारात नाही, हे भामट्यांनी बरोबर ओळखले.

न तपासता पुढे धाडण्याची किंमत पैशांतच मोजली जाते असेही नाही. निमाडला लागून असलेल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, अशी मर्यादा घातली. यंत्राने घातलेली मर्यादा पाचाची आहे. विवेकाने घालावयाची मर्यादा प्रत्येकाने स्वतः ठरवावयाची आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की ॲप सांगूच नये. उलट, न सांगण्यानेही नुकसान होते. भारतीय कपास निगमाने २०२५ च्या हंगामासाठी ‘कपास किसान’ हे ॲप काढले. हमीभावाने कापूस विकावयाचा तर त्यावर नोंदणी करून विक्रीचा दिवस ठरवून घ्यावयाचा, अशी पद्धत आली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. निसरपूर-कुक्षीकडचा एखादा वयस्क शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. त्याला हे ॲप कोणी वेळेवर सांगितले नाही, तर त्याचा कापूस व्यापारी म्हणेल त्या भावाने जाणार. त्याला ते सांगणारा, शेजारी बसून नोंदणी करून देणारा तरुण हा खरा शाह होय. आणि त्याच शेतकऱ्याला त्याच नावाची बनावट फाइल पुढे धाडणारा, कितीही सद्भावनेने धाडो, त्याच्या वर्षाच्या कष्टावर पाणी सोडतो. सद्भावना दोघांचीही सारखीच. फरक एवढाच की एकाने पाहून सांगितले आणि दुसऱ्याने न पाहता.

तेव्हा आमच्या मते घरोघरी पुढील शिस्त लागावी. ॲपचे नाव सांगावे, फाइल कधीही पाठवू नये, आणि कोणाचीही आलेली, मग ती सख्ख्या भावाची असो, बसवू नये. शेजारच्या फोनात इंटरनेटवाचून ॲप द्यावयाचेच असेल, तर गुगलच्या दुकानातच तशी सोय आहे, ती वापरावी. फोन जेव्हा ‘अज्ञात ॲप बसवू द्यावयाचे का?’ असे विचारतो, तेव्हा त्याला ‘नाही’ म्हणावे. तो प्रश्न म्हणजे दारावरची कडी आहे. जे आपण स्वतः महिनाभर वापरले नाही, ते दुसऱ्यास सांगू नये. सांगताना चार गोष्टी सांगाव्यात: हे कोणी बनविले, आपण ते कशासाठी वापरतो, ते कोणती परवानगी मागते, आणि नको झाल्यास ते काढावे कसे. लघुसंदेश वाचण्याची किंवा पडद्यावर सर्वाधिकार घेण्याची परवानगी ॲपने विनाकारण मागितली, तर ते तेथेच सोडावे. कर्जाच्या ॲपविषयी शंका असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा ॲप्सची यादी आहे, ती पाहावी. आणि वडीलधाऱ्यांना ॲप सांगावयाचे, तर दुवा धाडून मोकळे न होता सुटीत घरी येऊन त्यांच्याशेजारी अर्धा तास बसावे. बाबांना तीनदा सांगावे लागले, तरी आवाज चढवू नये. त्यांनी आपल्याला पाढे तीसदा सांगितले होते.

इतके करूनही कोणी फसले, तर लपवू नये. पैसे गेल्याचे दुःख आणि ‘लोक काय म्हणतील’ ही लाज यांत लाज अधिक जड होते, आणि मोलाची घटका त्यातच निघून जाते. फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मग ज्यांना ज्यांना आपल्या नावाने ती फाइल गेली असेल, त्यांना एकेक करून सावध करावे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड, पण शाहाचे खरे काम तेच. जबाबदारी घेतल्याने पत जात नाही, वाढते. घरातील इतरांनीही अशा वेळी दोष न देता प्रथम पाणी द्यावे, मग विचारपूस करावी.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ असे आपले वडील सांगत आले. या नव्या काळात त्यास एक पुरवणी जोडावी लागेल: जनांना सांगावयाचे तेही आधी मनाला विचारावे. परमुलखात राहणाऱ्या आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शब्दावर घरे भाड्याने घेतली, सोयरिकी जुळविल्या, मुलांना परगावी शिकावयास ठेवले. तो शब्द ही आपली सर्वांत जुनी ठेव आहे. बोटाच्या एका स्पर्शाने ती खर्ची घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.