बांधी कागदावर आली, तिचे पाणी कुठे आहे?



वनहक्काच्या दाव्याची जागा पाहायला साहेब लोक आले की एक वाक्य ऐकू येतेच : “हे तर बरड आहे, इथे काय पिकणार?” आपला माणूस गप राहतो. एखादा म्हातारा मात्र म्हणतो, “पिकते जी. वरून पाणी झिरपते ना!” साहेब ते लिहून घेत नाहीत. आम्हाला वाटते, सगळ्यात आधी लिहायला पाह्यजे होते ते तेच.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात माती एका रंगाची नाही. कन्हार काळी आणि भारी, मोरंड तिच्या खालोखाल, सिहार पिवळसर-रेताड पण धानाला चांगली, आणि बरडी म्हणजे लाल गोटाड. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जंगलाला लागून जी जमीन आपण कसतो ती बहुतेक सिहार नाही तर बरडी. चांगली काळी जमीन आपल्या वाट्याला का आली नाही, तो वेगळा इतिहास आहे. पण हलक्या मातीतही धान होतो, कारण धानाची बांधी एकट्या मातीवर चालत नाही. वर जंगल, जंगलाखाली बोडी किंवा तलाव, त्याखाली बांध्यांची उतरंड : वरच्या बांधीत हलका धान, खालच्या ओलीत भारी धान, आणि कापणीआधी त्याच ओलीवर लाखोळी. जंगलातला पाला कुजून पाण्याबरोबर खाली येतो, तलावाचा गाळ उन्हाळ्यात बांधीत पडतो. पाऊस बाराशे मिलिमीटरच्या वर पडतो खरा, पण श्रावणात पंधरा दिवस ताण दिला की बिनपाण्याच्या बांधीतला रोवणा लाल पडतो.

इंग्रजांच्या बंदोबस्तालाही हे कळत होते. सारा ठरवताना ते मातीबरोबर जागाही पाहत : उंचावरची की सखल, तलावाखालची की कोरडी. त्यांना सारा जास्त घ्यायचा होता म्हणून पाहत, पण पाहत होते. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि मग पार, तुडूम, सलंग यांची दुरुस्ती कोणाची, हा प्रश्न लोंबकळत राहिला. किती बोड्या आज बेशरमने भरल्या आहेत ते तुम्ही रोज पाहता. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायांनी पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती लावल्या. मासळीसाठी केले, पण त्या तलावाखालच्या बांध्यांचेही त्यात भले आहे.

आता आपल्याच चुकीबद्दल. २००८ मध्ये वनहक्क कायद्याचे काम सुरू झाले तेव्हा आम्ही कार्यकर्ते गावोगाव व्यक्तिगत दावेच भरत फिरलो. दोन एकर, तीन एकर, नवरा-बायको दोघांच्या नावाचा पट्टा. ते बरोबरच होते, पोट त्यावर आहे. पण नकाशावर बांधी आली आणि बोडी सुटली, बोडीवरचे जंगल सुटले. उद्या ते मिश्र जंगल तोडून तिथे नुसता साग लावला, तर पट्टा हातात राहील आणि बांधीत रेती येईल. तेव्हा कोणाला विचारणार?

यावर उपाय कायद्यातच आहे. कलम ३(१) मध्ये निस्ताराचा हक्क आहे, पाण्यातल्या मासळीचा आहे, चराईचा आहे, आणि गाव पूर्वीपासून जे जंगल राखत-वापरत आले त्याचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचाही आहे. २०१२ च्या नियम दुरुस्तीपासून या शेवटच्या हक्कासाठी वेगळा अर्ज आहे. व्यक्तिगत दाव्याला चार हेक्टरची मर्यादा आहे, सामूहिक हक्काला ती नाही.

एक कडू गोष्टही बोलून टाकतो. काही गावांत आपल्याच लोकांनी बोडीच्या वरचा उतार नव्याने साफ केला आहे. १३ डिसेंबर २००५ नंतरचा कब्जा कायद्यात बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी तो उतार उघडा पडला की गाळ कोणाच्या बोडीत उतरतो? आपल्याच भावाच्या. अशा ठिकाणी ग्रामसभेनेच बसून बोलावे, बाहेरच्याची वाट पाहू नये.

मृगाआधी प्रत्येक गावाने एक दिवस काढावा. म्हातारे-म्हाताऱ्या, गुराखी, ढिवर आणि रोवण्याला जाणाऱ्या बाया, सगळ्यांना घेऊन बांधीपासून वर चालत जावे. कोणत्या नाल्याचे पाणी कोणत्या बोडीत येते, पार कोणी घातली, देवस्थान कुठे, माती कुठे बदलते, ते कोऱ्या कागदावर काढावे. बांध आणि धुरे हा नियमात सांगितलेला पुरावा आहे. म्हाताऱ्यांचा जबाबही आहे, पण तो लेखी पाह्यजे आणि दावेदार सोडून दुसऱ्याचा पाह्यजे. एकाहून जास्त पुरावे जोडा. नकाशा ग्रामसभेत वाचून ठरावाच्या वहीत चिकटवा, त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. ज्या गावाचा व्यक्तिगत पट्टा झाला आहे त्यांनीही यावे, सामूहिक दावा त्यांना अजून करता येतो.