खात्री झाली, पण कशावरून?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दैनिकांच्या आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी चौकट दिसते: ‘जिल्ह्यात मनाई आदेश जारी’. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 37. लाठ्याकाठ्या बाळगू नका, दगड गोळा करू नका, पुतळे मिरवू नका, घोषणा देऊ नका, पाच किंवा अधिक जणांनी जमू नका. कारण म्हणून येणारे सण, परीक्षा, आंदोलने अशी यादी असते. आम्ही वर्तमानपत्रवालेही ही चौकट छापतो, आणि खरे सांगायचे तर बऱ्याचदा जागा भरायला छापतो. त्या दिवशी चितळे रोडवर भाजी घेताना पाच जण गप्पा मारत उभे असतातच आणि त्यांना कोणी हटकत नाही.

त्यामुळे हा आदेश निरुपद्रवी वाटतो. पण पारनेर असो की जिल्ह्यातला दुसरा कुठला तालुका, पाण्यासाठी वा ऊसदरासाठी मोर्चा काढायचा ठरला की तोच कागद पुढे येतो. जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांहून जास्त चालू ठेवता येत नाही, असे कायदाच सांगतो. त्यावर प्रशासनाने सोपा मार्ग शोधला आहे: एक आदेश संपत आला की दुसरा काढायचा. राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे वर्षानुवर्षे चालले आहे. अपवाद म्हणून दिलेला अधिकार असा रोजच्या वापरातला होतो आणि एकत्र येण्याचा घटनादत्त हक्क ‘परवानगी मिळाली तर’ या अटीवर येऊन थांबतो.

या विषयावर बोलायला नगरकरांइतका हक्क फार थोड्यांना आहे. 9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या नेत्यांना आपल्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी ती मंडळी. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता, शिक्षेची मुदतही नव्हती. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. एप्रिल 1943 मध्ये आझादांची पत्नी कलकत्त्यात वारली, तेव्हा ते याच खंदकाच्या आत होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. सरकारकडे अर्ज करावा असे त्यांना सुचवले गेले होते. त्यांनी केला नाही.

त्याच महिन्यात दिल्लीच्या फेडरल कोर्टाने केशव तळपदे या मुंबईच्या स्थानबद्धाच्या प्रकरणात एक निकाल दिला. ‘डिफेन्स ऑफ इंडिया’ कायद्याने ज्याच्यावर वाजवी संशय आहे अशा माणसाला अडकवून ठेवण्याचा नियम करायची मुभा दिली होती. सरकारने केलेल्या नियम 26 मध्ये मात्र वाजवी संशयाची अट गळाली आणि सरकारची खात्री झाली की पुरे, असे ठरले. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी तो नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला. परके सरकार, ऐन महायुद्ध, आणि तरीही न्यायालयाने शब्दाला शब्द लावून पाहिला! सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून भोक बुजवले, हा भाग वेगळा.

गोरे गेले, ‘खात्री’ राहिली. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता घटनाकारांनी पुसून टाकली नाही. कलम 22 मध्ये तिला जागा दिली आणि तिच्याभोवती कुंपण घातले. महाराष्ट्रात ती आज मुख्यतः 1981 च्या कायद्याने चालते. सगळे त्याला ‘एमपीडीए’ म्हणतात. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या या कायद्यात पुढे वाळूतस्करही आले. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची ‘खात्री’ झाली की संबंधित माणूस खटल्याविना कमाल बारा महिने आत. कारणे त्याला पाच दिवसांत कळवायची, आदेशाला राज्य सरकारने बारा दिवसांत मंजुरी द्यायची, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवायचे. ‘तडीपारी’ ही त्याची धाकटी बहीण: कमाल दोन वर्षे जिल्ह्याच्या हद्दीबाहेर. दोन्हींच्या फायलीत बहुधा गोपनीय जबाब असतात. साक्षीदाराचे नाव नाही, गाव नाही, ‘भीतीपोटी कोणी उघड बोलत नाही’ एवढे एक वाक्य. उलटतपासणी करायची कोणाची?

इथे वाचक म्हणेल, वाळूतस्करासाठी कोणी का रडावे? प्रश्न रास्त आहे. मुळा आणि प्रवरेच्या पात्रांची चाळण झालेली आपण रोज पाहतो. अडवायला गेलेल्या तलाठ्याला काय सोसावे लागते, तेही ठाऊक आहे. गुंडाला मोकळे सोडा असे आम्ही म्हणत नाही. डंपर पकडल्यावर पंचनामा नीट झाला, दोषारोपपत्र वेळेत गेले आणि साक्षीदाराला संरक्षण मिळाले, तर रीतसर शिक्षा होते. ते काम किचकट आहे. ‘खात्री’ नोंदवणे सोपे आहे. सोपा रस्ता मळला की मग त्यावरून वाळूतस्करच जातो असे नाही. आंदोलनाचे चार गुन्हे अंगावर असलेला कार्यकर्ताही कागदोपत्री सराईत दिसू लागतो.

दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये नेमके हेच तपासले. जालना जिल्ह्यातून दोन वर्षांच्या तडीपारीचा तो आदेश होता. हा उपाय असाधारण आहे, तो माणसाला घरापासून तोडतो, प्रसंगी पोटापाण्यापासूनही, म्हणून तो क्वचितच वापरावा, असे न्यायालयाने सांगितले. जुने गुन्हे पुरत नाहीत आणि कमाल मुदत द्यायची तर ती का, हेही आदेशात दिसले पाहिजे, असे म्हणून आदेश रद्द झाला. पण अशा दादीसाठी नगरच्या माणसाला आधी विभागीय आयुक्तांकडे नाशिकला, मग खंडपीठात छत्रपती संभाजीनगरला खेटे घालावे लागतात. वकील, प्रवास, तारखा. निकाल लागेतो मुदतीतले बरेच महिने भोगून झालेले असतात आणि ते कोणी परत करत नाही.

जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकातही गाभ्याला याच जातीचा शब्द आहे: संघटना बेकायदा आहे असे सरकारचे ‘मत’ झाले की पुढची चक्रे फिरतात. सल्लागार मंडळाची तरतूद आहे, संयुक्त समितीने काही धारही बोथट केली. तरीही ज्याचे मत त्यानेच अंमल करायचा, ही मूळ रचना तशीच आहे.

जिल्हा प्रशासनाकडून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मनाई आदेश कारणांसह संकेतस्थळावर टाका. निर्बंधांचे आदेश प्रसिद्ध झालेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात जानेवारी 2020 मध्येच बजावले आहे. आणि वर्षाला एक तक्ता द्या: स्थानबद्धता किती, तडीपाऱ्या किती, त्यांतल्या मंडळापुढे, अपिलात वा न्यायालयात किती टिकल्या.

प्रशासनाने स्वतःहून दिला नाही, तर तो तक्ता आपणही मागू शकतो. 2005 च्या केंद्रीय कायद्याआधीच महाराष्ट्राला माहितीचा अधिकार मिळाला, त्यामागचा मोठा रेटा याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचा होता. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.