अवघड जागेचे दुखणे



‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. दुखणे आहे, घरात वैद्यही आहे, पण दाखवायचे कसे? ऐकताना हसू येते. पण आमच्या वस्त्यांतून आम्ही अशी माणसे पाहत आलो आहोत की ज्यांचे रक्त दोन-दोन, चार-चार वर्षे शौचावाटे जात राहिले आणि शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या माणसालाही त्याचा पत्ता नव्हता. म्हणून या वेळी या सदरात शौचाच्या जागेच्या दुखण्यांविषयी लिहायचे आम्ही ठरविले. काही भगिनींना संकोच वाटेल. त्यांनी हे पान घडी घालून बाजूला ठेवावे आणि दुपारी एकट्या असताना वाचावे, पण वाचावे जरूर.

पहिली अडचण शब्दाची आहे. त्या जागी काहीही झाले की आपण त्याला ‘मूळव्याध’ म्हणून मोकळे होतो. गाठ लागली, मूळव्याध. आग झाली, मूळव्याध. पू आला, तरी मूळव्याध. मग कोणी सुरण खायला सांगतो, कोणी बिब्बा घालायला सांगतो, कोणी म्हणतो उष्णता वाढली, ताक प्या. सुरणाची भाजी खुशाल खा, ताकही प्या. परंतु ही निदान पाच-सहा निरनिराळी दुखणी आहेत, त्यांचे रूप वेगळे आणि इलाजही वेगळे.

पाहायचे कसे तेही सांगतो. आंघोळीच्या वेळी दार लावून घ्यावे, भरपूर उजेड करावा, जमिनीवर हातभर आरसा ठेवून त्यावर उकिडवे बसावे. मोबाइलची बॅटरी लावली तर आणखी बरे. जमत नसेल तर नवऱ्याने बायकोचे, बायकोने नवऱ्याचे पाहावे; संसारात यापेक्षा अवघड गोष्टी आपण करतो. मात्र फोटो काढून कोणा ‘खात्रीशीर इलाज’वाल्याला पाठवू नये.

आता खऱ्या मूळव्याधीचे रूप. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. कुंथून कुंथून त्या फुगतात, खाली सरकतात, त्यालाच आपण मोड किंवा कोंब म्हणतो. बाहेर आलेला आतला मोड लालसर-जांभळट, ओलसर, गुळगुळीत आणि दाबला तर मऊ लागतो. पिकलेल्या करवंदाएवढा, कधी द्राक्षाएवढा. मोड अनेक असले तर पाकळ्यांसारखे वेगवेगळे दिसतात. डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत मोड बाहेर येतच नाही, नुसते रक्त पडते. दुसरीत कुंथताना येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने ढकलावा लागतो. चौथीत ढकलूनही आत जात नाही. आतल्या मोडाची खूण अशी की रक्त लालभडक पडते, थेंब-थेंब किंवा पिचकारीसारखे, शौचाच्या वरून पडते आणि बहुधा दुखत नाही. तेथील आतल्या अस्तराला दुखणे कळविणाऱ्या नसा नसतात, म्हणून. आणि इथेच माणूस फसतो. दुखत नाही म्हणजे काही नाही, असे धरून चालतो.

पहिल्या पायरीची मूळव्याध आरशात दिसणार नाही आणि बोटालाही लागणार नाही, हे लक्षात ठेवावे. आरशात काही दिसले नाही म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करता येत नाही. ते आत दुर्बीण घालूनच पाहावे लागते.

बाहेरच्या कडेला एका रात्रीत टणक, निळी-काळी, जांभळाएवढी गाठ आली आणि बसवेना, चालवेना इतकी दुखू लागली, तर ती बाहेरच्या शिरेत रक्त गोठल्याची गाठ असते. ओझे उचलले, जोराने कुंथले किंवा लांबचा प्रवास बसून केला की असे होते. पहिले दोन-तीन दिवस फार वाईट जातात, पुढे आठ-दहा दिवसांत दुखणे उतरते. पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टर गाठले तर ते भूल देऊन गाठ काढूनही टाकू शकतात. घरी सुई टोचून ती फोडण्याचा पराक्रम कोणी करू नये. गाठ जिरल्यावर मागे कातडीचा एक सैल तुकडा राहतो. तो निरुपद्रवी असतो, त्याच्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही.

आमच्या अनुभवाने सांगायचे तर ज्याला लोक मूळव्याध म्हणून आमच्याकडे येतात, त्यात बरीचशी ‘फिशर’ असते, म्हणजे चीर. हिवाळ्यात टाचेला भेग पडते तशीच ही भेग. कडक शौचाने गुदद्वाराचा काठ फाटतो. बहुतेकांना ती मागच्या बाजूला, माकडहाडाकडे असते; काही स्त्रियांना पुढच्या बाजूला असते. दोन्ही बाजूंची कातडी हळूच ताणली तर लाल, उभी चीर दिसते. जुनी झाली की तिच्या खालच्या टोकाला मांसाचा एक लहानसा कोंब वाढतो. सारा घोटाळा या कोंबामुळे होतो. माणूस त्यालाच मोड समजतो, कोणी भोंदू त्याला दोरा बांधून तोडतो, पैसे घेतो, आणि चीर आपल्या जागी तशीच! ओळखण्याची खूण दुखण्यात आहे. शौचाच्या वेळी काच घासल्यासारखे होते आणि नंतर तासन्‌तास आग होते. रक्त थोडे, शौचावर रेघ उठावी एवढेच. भीतीने माणूस शौच दाबून धरतो, शौच आणखी कडक होते, चीर आणखी फाटते. नवीन चीर बहुधा औषधाच्या मलमाने, कोमट पाण्याच्या शेकाने आणि पोट साफ राहिल्याने भरून येते. चीर मागे-पुढे नसून अगदी कडेला असेल, किंवा एकापेक्षा जास्त असतील, तर मात्र तिच्यामागे दुसरा आजार असू शकतो. ती डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

भगंदराचे रूप या दोहोंहून वेगळे. गुदद्वारापासून बोट-दोन बोटे अंतरावर पुटकुळीसारखे एक तोंड असते. ते मिटते, फुगते, दुखते, मग फुटून पू किंवा लालसर पाणी येते, आणि पुन्हा मिटते. कपड्याला डाग आणि वास येतो. बरे झाले असे वाटते तोच महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. आतल्या बाजूने बाहेरच्या कातडीपर्यंत एक बोगदा तयार झालेला असतो, तो नुसत्या गोळ्यांनी बुजत नाही. याची सुरुवात बहुधा गळवातून होते. गुदद्वाराशेजारी लाल, गरम, तणतणीत सूज, ठणका आणि अंगात ताप, असे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गळू कापून पू काढावाच लागतो. मधुमेह असलेल्यांनी तर एक रात्रही थांबू नये.

भगंदर हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. विनयपिटकाच्या महावग्गात मगधाचा राजा बिंबिसार याला भगंदर झाल्याची हकीकत आहे. त्याची वस्त्रे रक्ताने डागाळत आणि राण्या त्याला ‘महाराज विटाळशी झाले’ अशा अर्थाची चेष्टा करीत. राजा शरमला. अखेर अभय राजकुमाराने तरुण जीवकाला पाठविले आणि जीवकाने लेप लावून त्याला बरे केले. राजवाड्यातील माणसाची ही गत, तर दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांत राहणाऱ्यांनी शरमावे यात नवल नाही. त्याच महावग्गात आणखी एक प्रसंग आहे. आकासगोत्त नावाचा वैद्य एका भिक्खूच्या भगंदरावर शस्त्र चालवीत होता. ते पाहून भगवंतांनी त्या भागात शस्त्र चालविण्यास मनाई केली; कारण तेथील कातडी नाजूक, जखम भरायला कठीण आणि शस्त्र आवरायला कठीण. त्या काळी भूल नव्हती, जंतूंचे ज्ञान नव्हते. आज दोन्ही आहे, त्यामुळे शिकलेल्या सर्जनच्या हातून ऑपरेशन करून घेण्याला भिण्याचे कारण नाही. पण बोर्ड रंगवून बसलेल्या माणसाच्या सुरीला भ्यायलाच हवे. शौच रोखून धरणारा स्नायू तिथेच असतो, तो चुकून कापला गेला तर जन्मभर शौचावर ताबा राहत नाही.

भगंदरावर आयुर्वेदातील क्षारसूत्राचा, म्हणजे औषधी दोऱ्याचा, इलाजही आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने निरनिराळ्या केंद्रांवर तो ऑपरेशनशी ताडून पाहिला आणि १९९१ साली निष्कर्ष छापले. दोऱ्याने बरे व्हायला वेळ जास्त लागतो, पण आजार उलटण्याचे प्रमाण कमी, असे त्यात आढळले. हा दोराही पदवीधर वैद्याकडूनच, आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात घालून घ्यावा.

काही रूपे थोडक्यात सांगतो. म्हाताऱ्या माणसाचे किंवा अशक्त मुलाचे आतडेच बाहेर येते, तेव्हा पाकळ्या दिसत नाहीत. आडव्या कापलेल्या कांद्यासारखी एकात एक वर्तुळे दिसतात. त्याला मूळव्याध समजू नये. फुलकोबीच्या तुऱ्यासारखे, खरखरीत, बारीक-बारीक कोंब पुष्कळ असतील तर ते विषाणूमुळे आलेले चामखीळ असतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयात कातडी विभाग आहे, आणि घरात एकमेकांच्या चारित्र्यावर जाण्याआधी दोघांनीही तपासून घेणे शहाणपणाचे. लहान मूल रात्री तिथे खाजवून रडत असेल तर झोपल्यावर बॅटरीने पाहा; पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे वळवळणारे जंत दिसतील. औषध घरातल्या सर्वांनी एकाच वेळी घ्यायचे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, नाहीतर ते फिरून येतात. नखे कापायची, चादरी धुवायच्या.

आता जे सांगायचे त्यासाठी मुख्यतः हे लिहिले. आमच्या परिचयातील एक भगिनी चार घरची धुणीभांडी करीत असे. वय चाळिशीच्या आतले. दीड वर्ष रक्त जात होते. गल्लीतल्या एका डॉक्टरने न तपासताच, नुसते ऐकून, मूळव्याधीची पुडी दिली. ती घेत राहिली. वजन उतरले, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा शेजारणींनी आम्हाला सांगितले. सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या बाई डॉक्टरांनी पडदा ओढून, हातमोजा घालून बोटाने तपासले. तपासणी दोन मिनिटांची. आत कडक, खडबडीत गाठ लागली. पुढे तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. ऑपरेशन झाले, पोटावर पिशवी आली. ती पिशवी सांभाळून ती आज पुन्हा दोन घरची कामे करते. ही दोन मिनिटे दीड वर्षापूर्वी मिळाली असती तर कदाचित पिशवीची गरज पडली नसती.

म्हणून या खुणा पाठ कराव्यात. रक्त शौचात मिसळून येते, त्याबरोबर बुळबुळीत शेम येतो. शौचाची सवय बदलली, कधी कोंडते कधी पातळ होते, आणि ती काही आठवडे तशीच राहिली. जाऊन आल्यावरही पोट साफ झाले असे वाटत नाही, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते. वजन उतरते. गुदद्वाराच्या काठाला कडक, उंचावलेल्या कडांची न भरणारी जखम दिसते. यांपैकी एकही असेल तर ‘मूळव्याधच असेल’ असे कोणाच्याही तोंडून ऐकून घेऊ नका. शौच डांबरासारखे काळे, चिकट येत असेल तर रक्तस्राव वर पोटात असू शकतो, तेही तातडीचे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणून गोळ्या चालू असतील तर तसे सांगावे.) आणि मूळव्याध आहे हे ठरले तरी कर्करोग नाहीच असे होत नाही, एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. चाळिशी ओलांडल्यावर रक्त पडू लागले तर आतड्याची दुर्बीण तपासणी करावी का, हे आपण होऊन विचारावे. तरुणांनाही हा रोग होतो, हे वर आलेच आहे.

घरी काय करता येईल? पसरट टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे बसावे. पाण्यात काहीही घालण्याची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, सालीसकट डाळी-कडधान्ये खावीत. इसबगोल घेतला तर वर पेलाभर पाणी प्यावेच. संडासात मोबाइल घेऊन बसू नये. बिब्बा, चुना, ॲसिड यांपैकी काहीही तिथे लावू नये. भाजून आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. दुकानातून आणलेले मलम महिनोन्‌महिने चोळू नये, काहींत स्टिरॉइड असते आणि त्याने कातडी पातळ होते.

वस्तीतल्या भगिनींना मात्र ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगताना आमची जीभ अडखळते. सार्वजनिक संडासाला रांग, दिवा नाही, कडी नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी टाळतात आणि शौच दाबून ठेवतात. त्यातून कडक शौच, त्यातून चीर आणि मोड. हे दुखणे अर्धे त्या रांगेतले आहे. महिला मंडळाने दिव्याचा आणि कडीचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यावा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर आम्ही करून देऊ, ते आमचे रोजचेच काम आहे.

दवाखान्यात जाताना एवढे करावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क केलेले आहेत. कामगार विम्याचे कार्ड असेल तर विम्याच्या रुग्णालयात जावे. केसपेपर काढताना ‘सर्जरी’ म्हणून सांगावे. आत गेल्यावर ‘मूळव्याध आहे’ असे न सांगता काय होते ते सांगावे: रक्त किती दिवस, दुखते की नाही, बाहेर काही येते का, वजन उतरले का. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्यावे. भगिनींनी बाई डॉक्टर मागावी, किंवा तपासताना सोबतची बाई आत असावी असे सांगावे. आणि डॉक्टर न तपासताच चिठ्ठी लिहू लागले, तर ‘साहेब, एकदा बघून घ्या’ असे म्हणावे.