हँडलला अडकवलेली पिशवी

सकाळी सव्वासहाची वेळ. मोशीजवळ इंद्रायणीचा पूल ओलांडला की पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. फर्स्ट शिफ्टची गर्दी चाकणच्या दिशेने निघालेली असते. मोटरसायकली, कंपन्यांच्या बस, खच्चून भरलेल्या रिक्षा. कितीतरी हँडलांना डब्याच्या पिशवीशेजारी आणखी एक पिशवी लोंबत असते, तोंडाला गाठ मारलेली. वेग जरासुद्धा कमी होत नाही. हात सुटतो, पिशवी कडेच्या ढिगावर पडते आणि गाडी पुढे निघून जाते.

हे बघायला आम्ही मंडळाच्या आठ-दहा जणी गेलो, त्याआधी खूप काही करून बसलो होतो. आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावर असाच एक ढीग होता. सगळे करतात तेच आम्ही केलं. 'येथे कचरा टाकू नये' असा फलक लावला. आठ दिवसांत फलकाच्याच पायाशी ढीग! मग जागा झाडून रांगोळी घातली, कुंड्या मांडल्या, भिंतीला देवांच्या टाइल्स लावल्या. कोपरा स्वच्छ झाला, आमचे सत्कार झाले. (कुंड्या पुढे चोरीला गेल्या, पण ती गोष्ट वेगळी.) पंधरा दिवसांनी लक्षात आलं की ढीग गेलेला नव्हता. शंभर पावलं पुढे, भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांसमोर जाऊन बसला होता.

तिथल्या एका बाईंनी मला रस्त्यातच गाठलं. "ताई, तुमच्या दारातला देव आमच्या दारात कचरा धाडतोय बघा."

मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या खोलीत जाऊन बसले. दहा बाय दहाची खोली, त्यातच मोरी, त्यातच गॅस. नवरा-बायको दोघंही कंपनीत, कंत्राटी कामावर. सहाला घर सोडतात. घंटागाडी येते दहाला. शेजारच्या खोलीत पाच मुलं, तिघं रात्रपाळी करून नुकतीच आडवी झालेली. "उघडं ठेवलं तर उंदीर, बांधून ठेवलं तर वास. पोरगं रांगतंय. सांगा, कुठे ठेवू?" त्या विचारत होत्या, आणि मी मनात म्हणत होते की आपण दहा वाजता घरी असतो, म्हणून आपली बादली वेळेवर गाडीत जाते. यात आपल्या संस्काराचा वाटा किती आणि घड्याळाचा किती?

मैत्रिणींनो, राग मानू नका, पण 'बाहेरून आलेल्या लोकांनी शहर घाण केलं' हे वाक्य आपल्या हळदीकुंकवात फार सहज निघतं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे हा पट्टा वसला, तेव्हा आपल्यापैकी कितीजणींचे वडील, सासरे ट्रंक घेऊन बाहेरूनच आले होते! आता चाकण, महाळुंगे, कुरुळी, निघोजे या बाजूला तीच पिढी नव्याने येते आहे. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, हे आपल्याला दूधवाल्यापासून मेसवाल्यापर्यंत सगळ्यांनी शिकवलं. कचरा उचलणारी व्यवस्था तेवढी एकाच पाळीत का?

दुसरा प्रश्न खोलीमालकांना. भाडं वेळेवर, लाइटचे पैसे वेगळे, पाण्याचे वेगळे. पण वीस खोल्यांच्या चाळीत झाकणाची दोन पिंपं ठेवायची आणि गाडी आली की ती रिकामी करायला एक माणूस नेमायचा, एवढं मात्र जमत नाही. रस्त्यावर कचरा टाकायला आणि जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली, दंडही आला. पावती मात्र फाटते ती हँडलवाल्याची.

त्यातून हद्दीची गंमत आहेच. पुलाच्या अलीकडे महापालिका, पलीकडे ग्रामपंचायती, मधून जाणारा महामार्ग तिसऱ्याचाच. महापालिकेचा कचरा मोशीच्या डेपोत जातो. तिथे रोज ७०० टन कचरा जाळून १४ मेगावॅट वीज करायच्या क्षमतेचा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला. चांगलंच आहे. पण पुलापलीकडे भिरकावलेली पिशवी तिथवर जाणार कशी? ती गाईच्या पोटात जाते, नाहीतर पेटवली जाते आणि धूर आपल्याच नाकात येतो.

आणखी एक, जरा संकोचाची गोष्ट. रस्ता झाडणाऱ्या मावशींशी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, खरकट्याचं काही वाटत नाही, पण गाठ सुटलेल्या पिशवीतून वापरलेले पॅड हाताला लागतात ना, तेव्हा जेवण जात नाही. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी २०१७ मध्ये यासाठीच लाल ठिपक्याची मोहीम काढली होती. कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. इतकंच मागणं. हे मात्र कुठल्याही गाडीच्या वेळेवर अवलंबून नाही.

आणि उगाच शहाणपणा शिकवते असं नको वाटायला, म्हणून सांगते. गेल्या वर्षापर्यंत घरातलं निर्माल्य मीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून नदीत सोडत होते. हात जोडून! हँडलवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मी नमस्कार करत होते. आता ते गच्चीतल्या कुंड्यांत जातं.

गाडीच्या वेळेसाठी ज्या कार्यालयात जायचं तिथे आमच्या पाच खेपा झाल्या. अर्ज, मग अर्जाची प्रत, मग साहेब मीटिंगमध्ये. शेवटी आठवड्यातून तीन दिवस रात्री आठला फेरी मिळाली. खोल्यांसमोरचा ढीग निम्म्यावर आला, गेलेला नाही. ज्या दिवशी गाडी नसते, त्याच्या दुसऱ्या दिवशी हँडलांना पिशव्या दिसतात, अगदी हिशेबाने. उरलेल्या चार दिवसांसाठी अर्ज तयार आहे, त्यावर या वेळी खोल्यांमधल्या बायकांच्याही सह्या आहेत. येत्या रविवारी खोलीमालकांना चहाला बोलावलंय. अकरापैकी चौघे येतो म्हणालेत. पिंपांची किंमत काढून ठेवली आहे.