कलंकाची किंमत

बबलगमच्या वेष्टनातून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमविण्याचे वेड एके काळी आपल्याकडील शाळकरी मुलांना होते. अमेरिकेत हे वेड शंभर वर्षांहून जुने आहे. १९१४ व १९१५ साली तेथे ‘क्रॅकर जॅक’ नावाच्या खाऊबरोबर बेसबॉल खेळाडूंची रंगीत कार्डे मिळत. त्यांतील जो जॅक्सन या खेळाडूच्या कार्डासाठी संग्राहक आज लाखो रुपये मोजतात. कार्ड दुर्मिळ आहे, खेळाडूही थोर होता; पण या किमतीत त्याच्या बदनामीचाही वाटा आहे, असे मला वाटते.

जॅक्सन हा कापडगिरणीत राबलेला निरक्षर मुलगा. नवे बूट चावले म्हणून एकदा तो नुसत्या मोज्यांवर खेळला आणि ‘शूलेस’, म्हणजे अनवाणी, हे नाव त्याला कायमचे चिकटले. १९१९ च्या अंतिम मालिकेत शिकागोच्या आठ खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन हार पत्करल्याचा आरोप झाला. त्यांत जॅक्सन होता. पाच हजार डॉलर घेतल्याचे त्याने कबूल केले होते. मात्र त्या मालिकेत त्याची फलंदाजी उत्कृष्ट झाली होती. १९२१ साली ज्यूरीने सर्वांना निर्दोष सोडले, पण बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी लगेच आठही जणांवर जन्मभराची बंदी घातली. जॅक्सन १९५१ साली वारला. ती बंदी उठली मे २०२५ मध्ये! मेल्यावर त्र्याहत्तर वर्षांनी मिळालेल्या या मोकळिकीचा त्याला काय उपयोग?

जॅक्सनला मी साधू ठरवीत नाही. पैसे घेणे हा दोषच. पण ज्याच्या हातून काहीच घडले नाही असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला, त्याचे काय? असा खेळाडू आपल्या मुंबईत होऊन गेला. सुधीर नाईक हे रसायनशास्त्राचे पदवीधर. १९७०-७१ साली मुंबईचे नामवंत खेळाडू वेस्ट इंडीजला गेले असताना नाईकांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या संघाने रणजी करंडक जिंकला. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात लंडनच्या एका दुकानातून दोन जोड मोजे चोरल्याचा आळ त्यांच्यावर आला. प्रकरण वाढू नये म्हणून गुन्हा कबूल करण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला. त्यांनी तो मानला, आणि कबुलीची नोंद कायम झाली. सुनील गावसकरांनी आपल्या ‘सनी डेज’ या पुस्तकात त्यांची बाजू घेतली. त्याच दौऱ्यात आपल्या पहिल्या कसोटीत नाईकांनी ७७ धावा काढल्या. पण त्यांच्या वाट्याला एकूण तीनच कसोट्या आल्या.

इंदूरहून भोपाळकडे जाताना देवासच्या पुढे काळीसिंधच्या काठी सोनकच्छ लागते. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला तो हा माळवा. इथल्या मराठी घरांत क्रिकेटचे प्रेम जुने आहे. पण अशा गावी परदेश दौऱ्यावरचा खेळाडू भेटणार तो वर्तमानपत्राच्या चार ओळींतून. त्या चार ओळींत ‘चोरी’ हा शब्द आला की तेच त्याचे कार्ड! खुलासा पुढे केव्हातरी, आतल्या पानावर येतो आणि सोनकच्छपर्यंत पोचतच नाही. आळ धावत जातो, खुलासा लंगडत येतो.

नाईकांनी मात्र खुलाशाची वाट पाहिली नाही. त्यांनी मुले घडविली. जहीर खान त्यांच्याच हाताखालचा. वानखेडे मैदानावरील २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्याची खेळपट्टी त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. एप्रिल २०२३ मध्ये ते गेले. त्यांच्या मृत्युलेखांतही ते मोजे होतेच.

कलंकित माणसाचे चित्र जपून ठेवण्यात आपल्याला एक प्रकारची गोडी वाटते. संग्राहक तिचे पैसे मोजतो, आपण फुकट चघळतो, एवढाच फरक. हे सारे दूरचे आहे असे कोणी समजू नये. परीक्षेत कॉपी केल्याचा, ग्रंथालयातील पुस्तक लांबविल्याचा, वसतिगृहात पैसे चोरल्याचा आळ आपल्यातल्याच कोणावर येतो. ‘कबूल कर, म्हणजे प्रकरण मिटेल’ हा सल्ला देणारेही पुष्कळ भेटतात. प्रकरण मिटते ते सल्ला देणाऱ्याचे. ज्याने कबूल केले त्याचे तेथूनच सुरू होते.

म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे की, कबुली मागण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याचे म्हणणे लेखी घ्यावे. आरोप खोटा ठरल्यास, ज्या फलकावर त्याचे नाव लागले त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तसे लिहावे. आणि ते तो महाविद्यालय सोडून जाण्यापूर्वी लिहावे. आम्हा विद्यार्थ्यांचेही कर्तव्य आहेच. ज्या तोंडाने आळ सांगितला, त्याच तोंडाने खुलासाही सांगावा. त्र्याहत्तर वर्षे थांबण्याचे कारण नाही.