पुष्पक विमान कुणाला मारायला गेलं होतं?

भाचा सहावीत आहे. मागच्या महिन्यात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून पहिला नंबर घेऊन आला. हातात थर्माकोलचं विमान. त्याला सोनेरी कागद, काडेपेटीच्या खिडक्या, मागं सेलवर फिरणारा पंखा. खाली कार्डावर बाईंनी सांगितलेलं वाक्य सुवाच्य अक्षरात: 'पुष्पक विमान. आपल्या पूर्वजांचे प्रगत विज्ञान.' पोरानं ते थेट फळीवर, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ठेवलं. ताई खूश. चाळीतली माणसं येऊन बघून गेली. मी एकटाच चहाचा कप धरून गप्प.

पोराला काय सांगायचं, यावर रात्रभर डोकं चाललं. म्हणून हे लिहितोय.

दोस्तांनो, आपल्या पणज्याला हे लोक म्हणायचे, पोथीत लिहिलंय, मान खाली घाल. पणज्यानं घातली. आज्यानं १९५६ साली ती पोथी भिरकावली आणि मान वर केली. आता आपण शिकलो, डिग्र्या घेतल्या, तर तीच पोथी पांढरा कोट घालून दारात उभी आहे. म्हणते, हा धर्म नाही बाबा, हे विज्ञान आहे. मान खाली घालू नको, नुसती डोलव.

विमानाचं म्हणाल तर त्याचा निकाल कधीच लागलाय. १९७४ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच संशोधकांनी 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ तपासला. भारद्वाज ऋषींच्या नावावर खपणारा ग्रंथ. त्यांना आढळलं ते असं: भाषा अर्वाचीन संस्कृत, मजकूर १९०४ च्या आधीचा नाही, आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडूच शकत नाहीत. राइट बंधू उडाले १९०३ ला. म्हणजे ऋषींना जाग आली ती त्यांच्यानंतर! तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. आमची विमानं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जायची म्हणे. २०१९ ला जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये एक कुलगुरू उठले आणि कौरवांना टेस्टट्यूब बेबी करून बसले. शिवाय रावणाकडे २४ प्रकारची विमानं होती म्हणे.

इथपर्यंत आपले पांढरपेशे बुद्धिवादी मित्रही सोबत येतात. विमान उडत नव्हतं, सिद्ध झालं, हशा, टाळ्या, घरी चला. माझं भांडण इथून पुढं सुरू होतं.

उडत होतं की नाही हे सोडा. पोथीत ते कुठं गेलं होतं ते बघा. लंकेहून अयोध्येला आलं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याची दुसरी फेरी कुणी सांगत नाही. वाल्मिकी रामायणाचं उत्तरकांड काढा. एका ब्राह्मणाचं पोर अकाली मेलं. बाप प्रेत घेऊन राजवाड्याच्या दारात आला. नारदानं निदान केलं: राज्यात कुणीतरी शूद्र तप करतोय, त्याचं हे पाप. रामानं पोराचं प्रेत तेलात ठेवायला लावलं, पुष्पकाला बोलावलं, वर बसला आणि दिशा धुंडाळत निघाला. दक्षिणेला एका सरोवराकाठी एक माणूस डोकं खाली, पाय वर करून तप करताना दिसला. रामानं जात विचारली. तो खोटं बोलला नाही. म्हणाला, शूद्र आहे, नाव शंबूक. वाक्य पुरतं संपलं नव्हतं तोवर तलवारीनं मुंडकं उडवलं. देवांनी फुलं उधळली. आणि त्याच क्षणी तिकडं ब्राह्मणाचं पोर जिवंत झालं.

एका गोष्टीत दोन चमत्कार आहेत. एक, विमान उडालं. दोन, शूद्र मारला की ब्राह्मणाचं मेलेलं पोर उठून बसतं. च्यायला, पहिल्या चमत्कारासाठी इंजिन, इंधन, धातू सगळं शोधून झालं. दुसऱ्याचं विज्ञान कुणी का शोधत नाही? शंबूकाच्या मानेतून कुठली ऊर्जा निघाली, ती कुठल्या तारेनं अयोध्येला पोचली? त्यावर निबंध कुठाय? नाही. कारण तो चमत्कार समजावून सांगायची गरजच पडत नाही. तो गावोगाव अजून घडवला जातो. आपला माणूस मेला की कुणाची तरी इज्जत जिवंत होते.

काही विद्वान म्हणतील, उत्तरकांड प्रक्षिप्त आहे, मागाहून घुसडलेलं आहे. चालेल. मग घुसडणाऱ्याला नेमकं हेच का घुसडावंसं वाटलं, ते सांगा. आणि गंमत बघा, विमान ठेवायचं तेव्हा रामायण इतिहास. खून निघाला की लगेच प्रक्षिप्त. साला, चाळणी मोठी हुशार आहे!

हा खेळ फक्त इथलाच नाही. बायबलात मोशे इजिप्तच्या गुलामांना घेऊन निघतो आणि समुद्र दुभंगून वाट देतो. २०१० साली अमेरिकेतल्या कार्ल ड्रूझ आणि वेइचिंग हान या संशोधकांनी संगणकावर हिशोब मांडला: नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या उथळ पाण्यावर ताशी १०० किलोमीटर वेगानं पूर्वेचा वारा १२ तास वाहिला, तर पाणी मागं हटून चार तास वाट मोकळी राहू शकते. हिशोबाशी माझं भांडण नाही. पाणी तसं हटतही असेल. पण ती गोष्ट वाऱ्याची आहे का? ती फारोच्या विटा थापणाऱ्या गुलामांची आहे. त्यांनी एका रात्री ठरवलं, आता नाही. वाऱ्याचा वेग मोजून त्या ठरवण्याचा हिशोब लागत नाही. गुलाम मधून गायब झाले आणि हवामान तेवढं उरलं.

आपल्याकडं तर पाण्याची याहून भयंकर गोष्ट आहे, तीही पुराणातली नाही. २० मार्च १९२७. महाड. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं बाटलं! मग पंचगव्याचे १०८ घडे ओतून, मंत्र म्हणून ते शुद्ध केलं. ढोरं पीत होती तोवर पाणी शुद्ध, माणूस प्यायला की अशुद्ध, आणि शेणामुतानं पुन्हा शुद्ध. याच्याहून मोठा चमत्कार कुठल्या पोथीत आहे? आणि २०१७ साली केंद्राच्या विज्ञान खात्यानं पंचगव्याच्या शास्त्रीय पडताळणीसाठी राष्ट्रीय समिती नेमली. तपासा, खुशाल तपासा. गोमूत्रानं कुठले जंतू मरतात ते काचेखाली बघा. मी एवढंच विचारतो, महाडात जंतू कोण होता?

आता आपल्या घरात वळू. आपल्यातलेही काही शिकलेले विहारात येऊन सांगतात की बुद्धाचे चमत्कार आता विज्ञानानं सिद्ध केलेत. टाळ्या पडतात. लाज वाटते. बाबासाहेबांनी काय केलं ते आठवा. सिद्धार्थानं म्हातारा, आजारी आणि प्रेत बघितलं आणि घर सोडलं, ही जुनी कथा. बाबासाहेबांनी तिला शास्त्रीय ठिगळ लावलं नाही. सरळ विचारलं, २९ वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा बघितलाच नव्हता, हे पटतं का? पटत नाही म्हणून ती कथा बाजूला ठेवली, आणि १९५७ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेलं भांडण पुढं आणलं. चमत्काराच्या जागी माणसांचं भांडण ठेवलं. ही आपली रीत आहे. आपल्या ग्रंथालाही तीच लावायची, दुसऱ्याच्याही.

भाच्याला दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ऐकून पोरगं गप्प झालं. मग म्हणालं, "मामा, मोडू का मग हे?"

म्हटलं, मोडू नको. पंखा तू फिरवलास, तारा तू जोडल्यास. यातलं विज्ञान तेवढंच आहे आणि ते तुझं आहे. फक्त कार्ड बदल.

त्यानं नवं कार्ड लिहिलं: 'पुष्पक विमान. यात बसून राम शंबूकाला मारायला गेला. शंबूक शूद्र होता आणि तप करत होता.'

सोमवारी ते शाळेत परत जाणार आहे. नंबर काढून घेतील कदाचित. ताई घाबरलीय. मी सुट्टी टाकून सोबत जाणार आहे.

दोस्तांनो, तुमच्या वस्तीतल्या शाळेतही अशी प्रदर्शनं भरतात. जाऊन बघा. कार्डं वाचा. जिथं 'प्राचीन विज्ञान' लिहिलेलं दिसेल तिथं थांबा आणि एकच विचारा: या चमत्कारात मेलं कोण?